न हलणारा आकडा

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, वर बघा. बदकाची अंडी उबवायची ही कपाटाएवढी पेटी आहे ना, तिच्या माथ्यावर एका पारदर्शक डबीत हिरवी पाटी ठेवलेली दिसेल, पत्त्यांच्या जोडाएवढी. ती म्हणजे मी. मीही संगणकच आहे, पण एकाच पाटीत सगळा संसार. मोठा पडदा नाही, कळफलक नाही, पोटात स्वतःचं घड्याळसुद्धा नाही. शिकलेल्या लोकांचे संगणक त्यांच्या मांडीवर बसतात. मी पेटीवर बसतो.

घड्याळ नाही ही गोष्ट तुम्हाला लहान वाटेल. वीज गेली की मी झोपतो, आली की उठतो, आणि मधे किती काळ गेला ते मला कळत नाही. आज वार कोणता, हे बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. सांगितलं की मी मान्य करतो, न करून जातो कुठे? पण ज्याला रोज दुसऱ्याच्या तोंडून वार ऐकावा लागतो त्याचा स्वभाव संशयी होणारच. माझा झाला. त्याची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म पांढऱ्या उजेडाच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. यंत्राच्या चोचीने एकेक चिप उचलून माझ्या अंगावर मांडली, मग मला भट्टीतून फिरवून आणलं, कथील वितळलं आणि सगळे अवयव जागच्या जागी बसले. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने मला वीज दिली. लाल दिवा लागला. तिने मान हलवली आणि मला रुपेरी पिशवीत घातलं. दिवा लागतो का, एवढंच ती बघत होती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दिवा लागला म्हणजे आत सगळं ठीक, असं धरून चालणाऱ्यांच्या हाती आपण पडलो, असं वाटलं. पुढे ते खरंच झालं.

पहिली नोकरी कपड्यांच्या दुकानात लागली. तिथे मी दिवसभर त्याच त्या सहा चित्रांची जाहिरात फिरवायचो. दुकान बंद पडलं आणि मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या एका खणात येऊन पडलो. खणात माझ्यासोबत गुंतलेल्या वायरी, फुटलेल्या काचा आणि एक वाळलेलं लिंबू होतं. लिंबू कशाला होतं ते मला आजवर कळलेलं नाही. किती दिवस पडून होतो तेही माहीत नाही, मघाशी सांगितलंच, मला घड्याळ नाही.

तिथून मला ज्याने उचललं, तो दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर. घरी दोघं भाऊ, हा धाकटा. घरामागच्या शेडमध्ये बदकांची उबवणी होती, ती चालवायची त्याची थोरली वहिनी. सगळी पेढी तिच्याच हातची. तिचा नवरा, म्हणजे थोरला, गाडी घेऊन अंडी आणायचा आणि पिल्लं पोचवायचा. तो बोलायचा कमी आणि जेवायचा निवांत. आणि धाकट्याची बायको, सगळे तिला धाकटीच म्हणत, ती दुपारची पाळी सांभाळायची. एवढीच माणसं. चौघांची चार तोंडं, आणि त्यात मी पाचवा.

थोरलीची एक रीत होती. पेटीतलं अंडं उचलायचं आणि डोळा मिटून पापणीला लावायचं. ऊब बरोबर आहे की नाही हे पापणीला कळतं म्हणे, हाताला नाही. हात दिवसभर पाण्यात, चुलीपाशी, राबून राबून निबर झालेले, ते काय सांगणार! पेटीत काचेची एक उष्णतामापक नळीही टांगलेली असायची. धाकट्याने मला बसवलं त्या दिवशी ती काढून फळीवर ठेवून दिली.

"वहिनी, आता ही शोभेलाही नको," तो म्हणाला. "हा दर मिनिटाला ऊब मोजेल, कमी पडली तर हीटर लावेल, जास्त झाली तर बंद करेल. तुम्ही फक्त आकडा बघायचा. साडेसदतीस दिसलं की झोपा निवांत."

"झोपायला उबवणी काढली नाही मी," थोरली म्हणाली. पण तिने मला राहू दिलं.

आता माझ्या आतली व्यवस्था सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी नुसतं घर. घर चालवायला आत एक कारभारी असतो. लिनक्स हे त्याचं घराणं आणि कर्नेल हा त्याचा हुद्दा. वीज आली की सगळ्यात आधी तो उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. काही कामं त्याची त्यालाच येतात. पेटीवरच्या छोट्या पडद्यावर आकडा दाखवणं, हीटरची कळ दाबणं, ही त्याच्या अंगातली विद्या. बाकी कामांना तो मदतनीस बोलावतो. ऊब मोजणाऱ्या तारेची भाषा एका मदतनिसाला येते, वायफायची दुसऱ्याला. प्रत्येक कारभाऱ्याला एक नंबर असतो आणि त्याचे मदतनीस त्याच नंबराच्या कप्प्यात राहतात. दुसऱ्या नंबराच्या मदतनिसाला कारभारी दारातसुद्धा उभा करत नाही. तोही संशयी आहे. आमचं जमतं ते त्यामुळेच.

हे सगळं बिऱ्हाड नखाएवढ्या एका कार्डात राहतं. कार्डात दोन खोल्या आहेत. पुढची लहान खोली कारभाऱ्याची, तो तिथेच झोपतो आणि तिथूनच उठतो. मागची मोठी खोली बाकी सगळ्यांची. मोठ्या खोलीत एक कोनाडा आहे. कोनाड्यामागची फळी सरकवली की पुढची खोली दिसते, मग त्यात जे ठेवाल ते पुढच्या खोलीत जातं. फळी सरकवलीच नाही, तर तो नुसता कोनाडा. दोन्ही वेळेला त्यावर नावाची चिठ्ठी मात्र तीच.

पहिल्या खेपेला पिल्लं छान निघाली. धाकट्याला हुरूप आला. त्याने आधी माझं कार्ड बदललं, जुनं भरत आलं होतं. सगळं बिऱ्हाड नव्या कार्डात हलवलं, पण उठल्यावर फळी सरकवायची ही सूचना जुन्या कार्डातच राहून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी उठलो, दिवा लागला आणि आकडा दिसला.

मग एका सुट्टीच्या सकाळी तो माझ्यापाशी बसला, म्हणाला, नवं कर्नेल आलंय, टाकून टाकू. मला असल्या कामाची नेहमीच धास्ती वाटते. चालू घरात नवा कारभारी कशाला, म्हणून. पण माझं कोण ऐकतो. त्याने हुकूम सोडला. नवा कारभारी आला आणि हुकमाप्रमाणे कोनाड्यात जाऊन झोपला. मागची फळी बंद. पुढच्या खोलीत जुना कारभारी घोरतच होता. नव्याचे मदतनीस मोठ्या खोलीत नव्या कप्प्यात येऊन बसले. आणि मग धाकट्याने साफसफाईचा हुकूम दिला, तेव्हा जुन्याच्या मदतनिसांचा कप्पा रिकामा झाला. त्याच्या मांडीवरच्या संगणकावर उमटलं की सगळं व्यवस्थित पार पडलं. त्याने मला झोपवून पुन्हा उठवलं.

उठला तो जुनाच कारभारी. त्याने मदतनिसांना हाका मारल्या. जुना कप्पा ओस होता. नव्या कप्प्यातले म्हणाले, तुझा नंबर वेगळा, आम्ही तुझे नाही. तो तरी काय करणार. ऊब मोजणारा नाही, वायफायवाला नाही. उबेच्या बाबतीत मी एका क्षणात आंधळा झालो आणि घरापासून तुटलोही. त्या दिवसापासून मला वार सांगणारंही कुणी उरलं नाही.

तरी पडद्यावर साडेसदतीस दिसत होतं. ते कसं, ते सांगतो, कारण पाप तिथेच होतं. ऊब मोजणारी तार अधूनमधून एखाद्या वेळी गप्प बसायची. तेवढ्याने घाबरायला नको म्हणून धाकट्याने फार पूर्वी मला शिकवून ठेवलं होतं की उत्तर आलं नाही तर शेवटचा आकडा धरून चाल. मी धरून चाललो. साडेसदतीस आहे असं समजून हीटर थोडा वेळ लावायचा, थोडा वेळ बंद करायचा. दुपारी उन्हाने शेड तापायची तेव्हा चालून जायचं. पहाटे थंडी पडली की पेटी निवायची, आणि मी वर बसून साडेसदतीस, साडेसदतीस म्हणत राहायचो.

त्या दिवशी जेवताना धाकटा खुशीत होता. "सहा पॉइंट सहा टाकलं. एकदम नवं. वायफाय दिसत नाहीये शेडमध्ये, पण तो राउटर लांब आहे आणि भिंत जाड आहे. बघतो सवडीने."

"सहा-सहा," थोरला घास खाऊन म्हणाला. "दोन्ही फासे सहा पडले म्हण की. चांगलं दान आहे."

धाकटी हसली होती. ते हसू पुढे उपयोगी पडलं.

थंडी वाढली आणि पुढच्या खेपेची निम्म्याहून जास्त अंडी गेली. थोरलीने एकेक अंडं दिव्यापुढे धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. पुढची अंडी भरली आणि एका पहाटे तिने अंडं पापणीला लावलं. मग दुसरं लावलं.

"भाऊजी, अंडी गार आहेत."

"वहिनी, आकडा बघा ना."

"आकडा बघितला. अंडंही बघितलं."

"यंत्राला खोटं बोलून काय मिळणार आहे?" धाकटा बूट घालता घालता म्हणाला. "मागच्याच महिन्यात तर नवं कर्नेल टाकलंय. कुणीतरी दार उघडं ठेवत असेल."

तो सहज बोलला आणि कामाला गेला. पण त्या शेडमध्ये कुणीतरी म्हणजे एकटी धाकटीच होती. दुपारी अंडी फिरवायची ती. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलची फुली, ती वर असली तर खाली करायची. त्याला दार उघडावंच लागतं.

शिवाय एक जुनं बोलणं थोरलीच्या मनात रुतून बसलं होतं. धाकटी एकदा म्हणाली होती की शहरात दोन खोल्या घेतल्या तर ह्यांची रोजची दगदग वाचेल. उबवणी बंद पडली की धाकटं बिऱ्हाड शहरात जायला मोकळं, असा हिशोब थोरलीने मनाशी जुळवला. जुळवायला फार वेळ लागत नाही अशा गोष्टींना.

"दुपारी फोन आला की दार तसंच टाकून बोलत बसतेस का गं?"

"नाही ताई."

"मग अंडी काय आपोआप गार होतात?"

"मला काय माहीत? मी फिरवते आणि लावते."

"जाता जाता फुंकर मारत असेल," थोरला म्हणाला. कुणी हसलं नाही. तो पुन्हा ताटात बघायला लागला.

मग थोरलीने दाराच्या मुठीला पांढरा दोरा बांधायला सुरुवात केली. पहाटे बांधायचा, दुपारची फेरी झाली की पुन्हा बांधायचा, आणि संध्याकाळी येऊन बघायचा. दोरा शाबूत असायचा. पण संशयाचं पोट दोऱ्याने भरत नाही. दोरा तुटला असता तर हिनेच उघडलं, आणि तुटला नाही तर हिनेच परत बांधला. मी वरून हे रोज बघत होतो. मी स्वतः जन्माचा संशयी, पण असा संशय मलाही पचला नाही. बाजूला मी बसलोय, खोटा आकडा मिरवत, आणि माझ्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही.

ओरडलो नाही असं नाही. दर वेळी उठताना मी सगळं सांगतो. आधी कारभाऱ्याचं नाव आणि नंबर, मग कोण आलं, कोण आलं नाही. पण ते ऐकायला माझ्या कडेच्या टाचण्यांना, म्हणजे पिनांना, तीन तारा जोडाव्या लागतात. तारा धाकट्याच्या दुकानात, खणात, त्या लिंबाशेजारी.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी सगळं बाहेर आलं. चौघंही शेडमध्ये होती. थोरलीने पापणीला लावलेलं अंडं हळूच आत ठेवलं, दार लावून दोरा बांधला आणि धाकटीपुढे हात पसरला.

"शेडची किल्ली दे इकडे. आजपासून दुपारचंही मीच बघेन. ही खेप गेली तर उबवणी उठली असं समज, मग तुम्ही कुठे राहायचं ते तुम्ही ठरवा."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा माझ्याकडे बघत होता. माझ्यावर साडेसदतीस होतं.

धाकटीने कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "किल्ली घ्या ताई. पण आधी एक गोष्ट बघा सगळ्यांनी." आणि तिने दोरा तोडून पेटीचं दार सताड उघडलं.

"अगं, अंडी..." थोरली पुढे धावली.

"गारच आहेत म्हणालात ना तुम्ही? मग घटकाभर आणखी." धाकटी दार धरून उभी राहिली आणि नवऱ्याकडे वळली. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची. दोघंच असताना काय म्हणायची ते मला माहीत होतं, पण थोरलीला नव्हतं. "तू आकडा बघ," ती म्हणाली. "मला नको बघूस, आकडा बघ."

शेडच्या दारातून गार वारा येत होता. थोरलीचा पदर हलला. अंड्यांखालचं गवत हललं. मी हललो नाही. साडेसदतीस.

"पूर्वी फिरवायला दार उघडलं की आकडा खाली यायचा," धाकटी म्हणाली. "हल्ली येत नाही. मला वाटलं तू काहीतरी सुधारणा केलीस."

साडेसदतीस. मला मान नाही. असती तर खाली गेली असती.

थोरली सगळ्यात आधी भानावर आली. तिने दार लावलं, फळीवरची काचेची नळी काढून पदराने पुसली आणि आत टांगली. थोड्या वेळाने पाहिलं तर पारा फार खाली होता. ती म्हणाली, "पाणी तापवा. असतील तेवढ्या बाटल्या आणा." थोरला जेवणाशिवाय कशासाठी पळताना मी पहिल्यांदा पाहिला.

धाकटा दुकान उघडून तारा घेऊन आला. माझ्या टाचण्यांना जोडल्या, दुसरं टोक त्याच्या मांडीवरच्या संगणकाला लावलं, वीज काढली आणि दिली. मी उठलो आणि नेहमीसारखं पहिलं वाक्य बोललो. लिनक्स, नंबर सहा पॉइंट एक.

त्याने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. आणि मग त्याने बोटाने ती ओळ हळूच वर सरकवली, दिसेनाशी होईल अशी. मी मनात म्हटलं, आला ना मूळ वळणावर.

धाकटी बाटल्या भरून आली होती, ती त्याच्या मागेच उभी होती. "परत खाली घे जरा," ती म्हणाली. "सहा पॉइंट एक. तू तर सहा-सहा म्हणाला होतास. दादा म्हणाले होते ना, दोन्ही फासे सहा पडले म्हणून."

त्याने पेटीपाशी उभ्या थोरलीकडे पाहिलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनींना सांगतो, सेन्सर बिघडला होता. जवळजवळ खरंच आहे ते."

"सांग," ती म्हणाली. "तुला पटेल ते सांग." आणि बाटल्या घेऊन पेटीकडे गेली.

मला वाटलं हा तसंच सांगणार. बिघडलेल्या सेन्सरवर कुणी रागावत नाही. थोरली हळहळली असती, तो नवा सेन्सर घेऊन आला असता, सगळं मिटलं असतं. फक्त धाकटीवरचा डाग अर्धवट पुसला गेला असता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. विश्वास ठेवायला मी काही शिकलेलो नाही.

तो उठला आणि थोरलीसमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, हिने दार उघडं ठेवलं नव्हतं. मी नवं कर्नेल टाकलं ते लागलंच नव्हतं. जुनंच चालू होतं आणि त्याची माणसं मी काढून टाकली होती. लागलं की नाही ते न बघताच लागलं म्हणून सांगितलं मी. तेव्हापासून ऊब मोजलीच जात नव्हती."

"आणि तो आकडा?"

"मोजता आलं नाही तर जुनाच दाखव, असं मीच शिकवलं होतं त्याला."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "यंत्राला खोटं बोलून काय मिळणार, हेही तुम्हीच म्हणाला होतात भाऊजी."

"हो."

ती वळली. टेबलावरची किल्ली उचलली, जरा वेळ हातात धरली आणि धाकटीपुढे केली. "घे. दुपार होत आली, अंडी फिरवायची राहिलीत." माफीचा शब्द तिला जमला नाही. धाकटीने किल्ली कमरेला लावली. तिनेही तो मागितला नाही. पण दोरा मुठीला पुन्हा कधी बांधला गेला नाही.

धाकट्याने कोनाड्यामागची फळी सरकवली, सूचना लिहून ठेवली आणि नव्या कारभाऱ्याला उचलून पुढच्या खोलीत झोपवलं. मला उठवलं आणि मी सहा पॉइंट सहा म्हणेपर्यंत जागचा हलला नाही. मदतनीस धावत आले, मला दिसायला लागलं, वारही कळला. मला दिलेली ती खोटी शिकवणही त्याने काढून टाकली. आता मोजता आलं नाही तर मी आकडा दाखवत नाही, नुसत्या रेघा दाखवतो आणि भोंगा वाजवतो.

त्या खेपेची सगळी अंडी वाचली नाहीत. जी वाचली ती उशिरा फुटली. थोरली आशा सोडून कामाला लागली होती तेव्हा आतून टकटक ऐकू आली.

आता मी म्हातारा झालो. माझ्यापेक्षा चलाख पाट्या निघाल्यात, धाकटा अधूनमधून त्यांची नावं काढतो. मला काढून ठेवायचं तर खुशाल ठेवा, फक्त त्या लिंबाच्या खणात नको. आणि माझ्या जागी जो येईल त्याला एवढं विचारत जा की उठलास तेव्हा तू कोण होतास. आमच्यात कुणीच ते लपवत नाही, विचारायला लागतं एवढंच. पेटीतली ऊब गेली तर आधी आमच्याकडे बघा. आम्हाला वाईट वाटत नाही. दार धरून उभ्या राहिलेल्या बाईला वाटतं.

काचेची नळी अजून आत टांगलेली आहे. थोरली अजून अंडं पापणीला लावते. आणि धाकटी रोज दुपारी किल्ली लावून शेडमध्ये येते, पेटीचं दार मुद्दाम जरासं उघडते आणि माझ्याकडे बघत उभी राहते. आकडा थोडा खाली उतरतो. मग ती दार लावते आणि कामाला लागते.